‘बघू’ म्हणायचं नाही : मे महिना आधीच ठरवून घेण्याची माझी पद्धत

गेल्या वर्षी १५ जूनच्या संध्याकाळी पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून शाळेची गडबड. शेजारी बसलेली मुलगी लेबलं चिकटवता चिकटवता सहज म्हणाली, “आई, पोहायचं राहिलंच की या वर्षी पण.” आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला लागलं. चार उन्हाळे मी तिला सांगत होते, मामाच्या विहिरीवर तुला पोहायला शिकवायचं. सुट्टीत माहेरी आम्ही किती दिवस होतो ते मोजलं, तर अडीच दिवस. त्यातला एक तिच्या पोटदुखीत गेला.

यंदा ती नववीत जाणार. पुढच्या मे महिन्यात दहावीचे व्हेकेशन क्लास असतील. म्हणजे तिचा मोकळा म्हणावा असा हा शेवटचाच उन्हाळा. म्हणून यंदा मी सुट्टी मे महिन्यात ठरवायची नाही, पाडव्यालाच ठरवायची असं केलं. पाडवा होऊन पंधरा दिवस झाले आहेत आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मे आणि जूनची पानं भरलेली आहेत. ते कसं केलं ते सगळं इथे लिहिते. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरी सासू-सासरे, नवरा आणि दोन मुलं. तुमचं घर वेगळं असेल, पण मे महिन्यात घराघरांत जे होतं ते फार वेगळं नसावं.

आधी दिवस मोजा, इच्छा नंतर

‘उन्हाळ्याची सुट्टी’ म्हटलं की डोळ्यांसमोर अथांग काहीतरी येतं. ती अथांग नसते. आमच्याकडे १ मेला झेंडावंदन आणि निकाल, २ मेपासून सुट्टी, जूनच्या मध्याला शाळा. (विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात, तिथल्यांनी आपला हिशेब करावा.) २ मे ते १४ जून म्हणजे ४४ दिवस. हा आकडा मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाचा हिशेब लिहितो तिथे, मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्यातून वजा करत गेले.

ज्याला नाही म्हणताच येत नाही ते पहिल्यांदा वजा करायचं. माझे शाळेच्या प्रवेशाचे आणि कागदपत्रांचे ५ दिवस. ठाण्याच्या नणंदबाई आणि त्यांची मुलं यायची, त्यांचे ८. गावची यात्रा २. टाळता येणार नाही असं जवळच्या घरातलं एक लग्न, जाऊन-येऊन ३. शाळा उघडायच्या आधीचे गणवेश-पुस्तकांचे २. बेरीज २०, उरले २४.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. यंदा जनगणनेच्या घरयादीचं काम आहे, प्रत्येक राज्यात एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान सलग ३० दिवस चालणारं. ज्यांना त्याची ऑर्डर आली आहे त्यांनी ते दिवस सगळ्यात आधी कॅलेंडरवर मांडावेत. त्या दिवसांत दुसरं काही होईल अशी आशा ठेवून घरच्यांना शब्द देऊ नये.

नोकरीत सुट्टी नसणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला कुठले ४४ दिवस? माझी बँकेतली मैत्रीण याच पद्धतीने बसली तेव्हा तिचे पाच रविवार आणि रजेचे चार दिवस निघाले. एकूण नऊ. तिने नऊचाच बेत केला. आकडा लहान असला की ठरवणं उलट सोपं जातं, कारण मनाला फसवायला जागाच उरत नाही.

तीनच गोष्टी, आणि त्या तारखेसकट

उरलेल्या २४ दिवसांसमोर मी तीन गोष्टी लिहिल्या. पहिल्यांदा लिहिलं होतं ‘आईला वेळ देणं’. ते खोडलं. अशा वाक्याने काही होत नाही. ते वाचून बरं वाटतं आणि मे संपतो. दुसऱ्यांदा लिहिलं : ‘आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ५ मे. १६ मेपर्यंत मी वाईजवळ माहेरीच.’ हे वाचल्यावर काय करायचं आणि काय नाकारायचं, दोन्ही दिसतं.

आईचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं जात होतं. कारण एकच, “उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये.” थंडी आली की माझी शाळा आणि भावाचा ऊस. उन्हाळ्याची ती समजूत जुन्या काळातली. तेव्हा मोठा छेद घ्यायचे, टाके असायचे, दिवस दिवस पडून राहावं लागायचं. आता छेद अगदी बारीक असतो, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात आणि ऋतूने काही बिघडत नाही. पण नंतरचे दिवस माणूस लागतं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, घागर-बादली उचलायची नाही, चुलीच्या धुरापुढे बसायचं नाही. थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून अनेकदा, मग कमी कमी करत चार ते सहा आठवडे. ५ मेपासून सहा आठवडे मोजले तर १६ जून येतो. म्हणून मेचा पहिलाच आठवडा धरला. शेवटी धरला असता तर थेंब पावसाळ्यात आणि शाळेच्या गडबडीत गेले असते.

दुसरी गोष्ट : त्याच बारा दिवसांत, रोज सकाळी ६ ते ७, भावाच्या विहिरीत मुलीला पोहायला शिकवणं. दोन गोष्टी एकाच ठिकाणी बसवल्या, म्हणून दोन्हींना जागा झाली. आमची विहीर पायऱ्यांची आहे. लहानपणी आमच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे, आता भाऊ झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधतो. कमरेला दोर, दोराचं टोक वर धरलेलं, आणि पट्टीचं पोहणारं माणूस पाण्यात आधीपासून उतरलेलं. हे तिन्ही असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. धोमच्या कालव्यात तर कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. कालव्याला ओढ असते आणि पाणी कधी वाढेल ते काठावर कळत नाही.

तिसरी गोष्ट माझी एकटीची. आजोबांच्या ट्रंकेत जुन्या मोडी लिपीतले कागद आहेत. काही जमिनीचे, काही कुणा कुणाला लिहिलेल्या पत्रांच्या नकला. आमच्या घरात आज ते वाचता येणारं कुणी नाही. मी दिवाळीपासून मोडीची बाराखडी गिरवते आहे. सुट्टीत रोज दुपारी २ ते ३:३० मी ते कागद घेऊन बसणार आहे, मग माहेरी असो की सासरी. या तिसऱ्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त अडखळले. आईचं ऑपरेशन सांगताना कुणाला काही वाटत नाही. “मी मोडी वाचत बसणार आहे” हे सांगायला मला तीन दिवस लागले. तरी सांगा. बाईच्या यादीत एक गोष्ट अशी असावीच, जिचा उपयोग घरात दुसऱ्या कुणालाही लगेच होणार नाही.

हिशेब पुरा करते : २४ पैकी १२ दिवस माहेरी, ८ मोकळे, आणि ४ दिवस कॅलेंडरवर नुसता गोल करून राखीव. राखीव दिवसांवर काहीही लिहायचं नाही. ते कशाला, ते पुढे येईलच.

‘बघू’ हा शब्द जपून

आपल्या घरांत ‘नाही’ फारसं म्हणत नाहीत. ‘बघू’ म्हणतात. “या वर्षी आठ दिवस येऊ ना गं?” “बघू.” “कुरडया पाच किलोच्या करू या?” “बघू.” बोलणाऱ्याला वाटतं आपण काही कबूल केलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं होकार मिळाला. मग तो माणूस तिकीट काढतो, गहू भिजत घालतो, आणि आपण मनात चिडत बसतो. गेल्या मे महिन्यात मी अशीच एका भाच्यावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता. ज्याला मार्चमध्ये स्पष्ट बोलायचं होतं ते मी बोलले नव्हते आणि ते सगळं त्या पोरावर निघालं. त्याचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

‘बघू’, ‘जमलं तर येते’, ‘तसं काही नाही’ हे तीन शब्दप्रयोग यंदा मी सोडले. त्यांच्या जागी तारीख सांगते. कधी जमणार नाही ते आणि कधी जमेल ते, दोन्ही एका दमात. नणंदबाईंना पाडव्याच्याच दिवशी फोन केला, कारण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि २२ मेचं तिकीट २३ मार्चला उघडणार होतं. एकदा तिकीट निघालं की बोलण्यात अर्थ नसतो. मी म्हणाले, “ताई, २२ ते २९ मे या दिवसांत या, मी पूर्ण मोकळी आहे. त्याआधी मी आईपाशी आहे, डोळ्याचं ऑपरेशन आहे तिचं.” त्या क्षणभर गप्प झाल्या. दरवर्षी त्या ५ तारखेच्या सुमारास येतात. मग म्हणाल्या, “बरं झालं आत्ताच सांगितलंस, मी पोरांचं शिबिर आधी उरकून घेते.” मी ज्या बोलण्याची पाच वर्षं धास्ती घेतली होती ते दोन मिनिटांत झालं.

कारण एकदाच सांगा. चार कारणं सांगितली की समोरचा माणूस प्रत्येकावर उपाय सुचवतो.

वाळवण : कमी करायचं, तोडायचं नाही

सासूबाईंना मी आत्या म्हणते. कुरडया हा त्यांचा जीव. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर तो खाली बसू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे शिजवून सोऱ्याने घालायचा. गल्लीतल्या चार-पाच जणी सावडीने येतात, गरम चीक तूप घालून वाटीवाटीने खाल्ला जातो. हे मला बंद करायचं नव्हतं. पण कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस हे सगळं मेमध्ये आलं की दहा दिवस गच्चीवरच जातात.

मी आत्यांना ‘यंदा मला वेळ नाही’ असं म्हणाले नाही. होळीच्या आधी दोघींनी मिळून डबे उघडले. गेल्या वर्षीच्या कुरडया अर्ध्या डब्यापेक्षा जास्त शिल्लक, सांडगे तर तसेच. मी विचारलं, “आत्या, यातलं तुम्हाला मनापासून काय करायचंय?” त्या म्हणाल्या, “कुरडया. बाकीचं आपलं पहिल्यापासून करत आलो म्हणून.” मग ठरलं. कुरडया दोन किलोच्या, मे महिन्यात न करता ११ एप्रिलच्या शनिवारी, ऊन तेव्हाही कडकच असतं. पापड बचत गटाच्या बायकांकडून. बाकीचं यंदा नाही.

एक सांगते. घरातल्या वडीलधाऱ्यांशी सीमा आखताना त्यांना काय प्रिय आहे ते आधी विचारा आणि ते तसंच ठेवा. आपण ज्याला त्यांचा हट्ट समजतो, त्यातलं बरंचसं त्यांनाही नको असतं.

लग्नपत्रिका

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे नेमकी माझ्या बारा दिवसांत. आत्तापर्यंत सहा पत्रिका आल्या आहेत.

माझी कसोटी अशी : ज्या घरात मी न विचारता स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊ शकते, त्या घरच्या लग्नाला जायचंच. तसं एकच आहे, ते ४४ मधून आधीच वजा केलंय. उरलेल्यांपैकी दोन मुलींना मार्चमधल्या दोन रविवारी घरी बोलावून केळवण केलं. पुरणपोळी, कटाची आमटी, ताटाभोवती रांगोळी, हातात साडी. मांडवात हजार माणसांत त्या मला ओळख दाखवून पुढे गेल्या असत्या. इथे पाटावर दोन तास बसून बोलल्या, एकीने तर नव्या नोकरीचं काय करायचं तेही विचारलं. आणि त्यांच्या आयांना मी तिथेच सांगितलं, “लग्नाच्या दिवशी मी नसेन, आईपाशी असेन.” उरलेल्या तीन लग्नांना सासरे आहेर घेऊन जाणार आहेत. त्यांना लग्नं आवडतात.

अधिक मासाचं मात्र वेगळंच निघालं. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येणारा हा धोंड्याचा महिना. जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं आणि धोंड्याचं जेवण घालायचं. आईने फोनवर आत्ताच तांदूळ किती भिजवायचे ते सांगायला सुरुवात केली. ऑपरेशन झालेला डोळा घेऊन ती कढईपुढे बसणार! मी समजावून थकले, ती ऐकेना. शेवटी माझ्या नवऱ्याने तिला फोन केला, “आई, वाण मी जूनमध्ये घ्यायला येतो, बत्ताशांचं. अनारसे पुढच्या अधिकात तुमच्याच हातचे.” जाळीदार असलं की बत्तासे चालतात हे तिलाही माहीत आहे. जावयाच्या तोंडून आल्यावर तिने मानलं. काही सीमा आपण स्वतः सांगून उपयोग नसतो. कुणाच्या तोंडून सांगितलेलं त्या माणसाला पटेल, त्याचा विचार करून त्यालाच बोलायला सांगावं.

शाळा आणि फोन

थोडक्यात सांगते. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून विचारलं की सुट्टीत माझी गरज नक्की कोणत्या दिवशी आहे. त्यांनी पाच दिवस सांगितले, ते लिहून घेतले. ग्रुपवर २९ एप्रिलला टाकायचा निरोप तयार आहे : ‘सुट्टीत मी रोज सकाळी ९ ते ९:३० ग्रुप पाहीन. तातडीचं काम असल्यास कृपया फोन करावा.’ आपण न सांगता गप्प राहिलो की लोकांना काळजी वाटते किंवा राग येतो. वेळ सांगून गप्प राहिलं की कुणाचं काही म्हणणं नसतं. दुपारच्या दीड तासात फोन स्वयंपाकघरात फ्रीजवर राहणार.

मी नसताना घराचं काय

इथे बहुतेक जणी अडकतात. बेत सगळा होतो आणि निघायच्या आदल्या दिवशी बारा दिवसांची भाजी चिरत बसावं लागतं. मी एक वही केली आहे. एका पानावर सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोणती जेवणाआधी आणि कोणती नंतर. एका पानावर पाणी : उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड येतं, तेव्हा टाकी कधी भरायची. गॅस, दूधवाला, धोबी. नवऱ्याने सहा दिवस रजा टाकली आहे, उरलेल्या दिवसांचा रात्रीचा स्वयंपाक ओळखीच्या मावशी करणार. वही मी सांगितली, लिहिली मात्र नवऱ्याने. स्वतःच्या हाताने लिहिलेलं लक्षात राहतं आणि “तू कुठे ठेवलंयस?” असे फोन कमी येतात.

धाकट्या मुलाला मी विचारलं, तुझ्या तीन गोष्टी कोणत्या? तो नऊ वर्षांचा आहे. म्हणाला, “मामाकडे बैलं धुवायची. आंबे. आणि कुठलंच शिबिर नको.” तिन्ही कॅलेंडरवर लिहिल्या. तिसरी लिहिताना थोडं जड गेलं, कारण शाळेतल्या बाकीच्या आया मुलांना दोन-दोन शिबिरांना घालतात. पण विचारायचं आणि मग ऐकायचं नाही, असं मला करायचं नव्हतं.

ठरवलेलं मोडेल तेव्हा

मोडणारच. कुणीतरी न सांगता दारात उभं राहील, कुणी आजारी पडेल. त्यासाठी ते चार राखीव दिवस. काही अडलं की ते आधी खर्च करायचे, तीन गोष्टींना हात लावायचा नाही. आणि पाहुणा नेमका बारा दिवसांत माहेरीच आला, तर त्याला परत पाठवायचं नाही, आपल्या कामात घ्यायचं. “आलीस ते बरं झालं, दुपारचे थेंब तू घाल आईच्या डोळ्यात, हात धुऊन घे.” माणसाला घरात काम दिलं की तो पाहुणा राहत नाही आणि आपला दिवसही मोडत नाही.

दर रविवारी रात्री मी पुढच्या आठवड्याच्या ओळीवर बोट ठेवून नवऱ्याला वाचून दाखवते. पाच मिनिटं लागतात. काही हलवायचं असेल तर तेव्हाच. एरवी ‘उद्याचं जरा बदलू या का’ असं कुणी म्हणालं, तरी उत्तर रविवारी.

काल भावाला फोन केला होता. विहिरीला अजून दोन पुरुष खोल पाणी आहे म्हणाला, खालच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ आलंय, ते महिनाअखेर खरवडून घेतो. मुलीने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “मामा, कॅन किती लिटरचा?”